रस वाटतो का?

डोळे मिटा पाहू, आणि माझ्याबरोबर खाडीकाठच्या एका वाडीत चला. माडांची सावली अंगणात हलते आहे. खळ्यात एक होडी पालथी पडली आहे. पायरीवर सात वर्षांची भक्ती बसली आहे. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. आणि आता पाणंदीतून छत्री सावरत कोण येतंय? ती नम्रता, पिंगुळीची, उपकेंद्रातली नवी परिचारिका. तिला जायचं होतं परशुराम नावाच्या एका रुग्णाकडे, पण वाट चुकून ती इथे आली आणि यादी उघडून पाहते तर पुढचं नाव याच घरातलं... देवेश.

देवेश म्हणजे भक्तीचा बाबा. होडी वल्हवताना त्याला हृदयाचा झटका आला होता. तेव्हापासून वल्ही बंद. हृदयाच्या रुग्णांना मनाचंही विचारायचं, असा उपकेंद्रात नवा नियम होता. मन खचलं की माणूस औषध सोडतो, म्हणून.

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा जास्त आला.

"तुमी हात धरलास तर प्रेशर वाढतलाच," तो म्हणाला.

नम्रताने हसू दाबून कागदावरचं वाचलं, "गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही, असं झालं का?"

"रस? शिरवाळ्यांवांगडा असलो तर वाटता."

आता तुम्हीच सांगा, तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस आठवल्यावर कोण हसणार नाही? नम्रता खळखळून हसली... आणि हसता हसता तिने 'नाही'वर खूण केली.

दर पंधरा दिवसांनी ती येत राहिली. दर वेळी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेला असे. कधी ती छत्री विसरे, कधी तो ती मुद्दाम लपवून ठेवी. 'नाही'वर खुणा पडत गेल्या. ती पिंगुळीला आईजवळ त्याचं नाव काढू लागली.

एकदा देवेश पाणी आणायला आत गेला, तेव्हा भक्ती तिच्या कानाशी आली.

"तुमी येतास त्याच दिवशी बाबा न्हाता. बाकी दिवस भिंतीकडे तोंड करून निजान असता. गोळ्यो माडाच्या मुळात टाकता."

नम्रताच्या हातातलं पेन थांबलं. देवेश बाहेर आला, तेव्हा तिने 'होय'वर खूण केली होती आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली होती.

देवेशने चिठ्ठी वाचली. घडी घालून ती परत तिच्यापुढे धरली. मग हळू म्हणाला, "माका औषद नको. तू येतस, ताच माझा औषद."

हे शब्द ऐकायला ती किती आठवडे थांबली होती... आणि ऐकताना तिला रडू आलं.

"मी पंधरा दिवसांनी एकदा येतंय. मधले चवदा दिवस काय करतलस?"

"मग तो 'होय' खोड. माझ्यावर जीव आसा तर खोड."

तिचा जीव होता. तिने खोडलं नाही.

"माका वेड्यांत काढलस," देवेश म्हणाला. "आता परत येव नको."

मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे, ते हृदयाच्या दुखण्यासारखंच दुखणं आहे, हे तिने त्याला परोपरीने सांगितलं. त्याने दार लावलं. आपल्यासमोर तो बरं असल्याचंच दाखवणार, हे ओळखून त्या आठवड्यात तिने स्वतःच त्याचं नाव दुसऱ्या परिचारिकेच्या यादीत घालायला सांगितलं.

चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ओरोसची एसटी आली. देवेश निजून होता. भक्ती रस्त्यात गाडीपुढे उभी राहिली आणि बाबा येईपर्यंत हलणार नाही म्हणाली. कंडक्टरने हाका मारल्या, शेजारी जमले. शेवटी लाजेने म्हणा, रागाने म्हणा, देवेश उठला, बाहेर आला आणि भक्तीबरोबर गाडीत चढला.

गाडी उपकेंद्रापाशी थांबली. दारात नम्रता उभी होती. देवेशने मान फिरवली.

भक्तीने बाबाचा हात उचलला, खिडकीबाहेर धरला आणि हलवला. त्याने तो ओढून घेतला.

मग भक्तीने स्वतःचा हात बाहेर काढला, आणि वळण येईपर्यंत हलवत राहिली.