गोळ्यांमधली मोकळी जागा

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ही उडत उडत कानावर आलेली गोष्ट नाही. ज्यांच्यावर बेतली ते दोघं माझ्या नात्यातले आहेत आणि मी हे लिहितोय हे त्यांना माहीत आहे.

यात मध्यरात्र नाही. कुत्री रडत नाहीत. सुरुवात झाली ती एका ढगाळ दुपारी, एका जुन्या गोदामाच्या मागच्या अंगणात. आणि संपलं ते दिवसाढवळ्या, भरल्या ऑफिसात.

संपलं, असं ताई म्हणते.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. ती भिंती बनवते. विटांच्या नव्हे, कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या खेळातल्या. त्या खेळातली घरं, पूल, कारखाने म्हणजे आतून नुसते पोकळ खोके. त्यांवर खऱ्या भिंतीचं कातडं चढवायचं, की बघणाऱ्याला वाटावं, हे शहर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात उभं आहे. त्या कातड्याला ते लोक टेक्स्चर म्हणतात. ताईचा त्यात हातखंडा. लग्नाला गेली तरी नवरीला सोडून ही हॉलच्या पोपडे धरलेल्या भिंतीचे फोटो काढणार.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. दिवसभर हात प्लास्टरमध्ये. "आमचा संसारच प्लास्टरवर उभा आहे," असं ते कुणी न विचारताही सांगायचे.

सांगायचे. आता फारसं बोलत नाहीत.

तर, नवा खेळ होता वेढा पडलेल्या शहराचा. खेळणाऱ्याने तुकड्या पाठवायच्या, गल्ल्या जिंकायच्या, माणसं मारायची. ताईच्या टीमच्या प्रमुखाला सगळे सेनापती म्हणायचे, अगदी तोंडावर. त्याने ताईची भिंत मोठी करून पाहिली आणि नाक मुरडलं.

"ही काय गोळ्या खाल्लेली भिंत आहे? हिला गोवर आलाय, गोवर!"

सगळे हसले. ताईला झोंबलं. भिंतीच्या बाबतीत तिला कुणी असं बोललं नव्हतं.

खरी भिंत हवी, म्हणून तिने शोधाशोध केली. गावाबाहेर एक गोदाम होतं. मागच्या युद्धात तिथे सैन्याचा तळ होता, एवढंच लोकांना ठाऊक. ते आता पाडायला घेतलं होतं. ठेकेदार हो म्हणाला. गेटाचं कुलूप काढताना सहज बोलल्यासारखं म्हणाला,

"फोटो काढा हवे तेवढे. पण माझी माणसं त्या मागच्या भिंतीला टेकून बसत नाहीत. जेवायलासुद्धा रस्त्यापलीकडे जातात."

"का हो?" भाऊजींनी विचारलं.

"मी कशाला विचारू? काम होतंय ना."

तो गेटापाशीच थांबला. आत आला नाही.

मागचं अंगण मोठं. खाली खडी. समोर ती भिंत, पिवळट, लांबच लांब. आणि तिच्या अंगावर गोळ्यांची भोकं. काही बोटभर खोल, काहींच्या कडा फुलासारख्या उमललेल्या.

ताई हरखलीच. त्यात आभाळ भरून आलेलं. अशा कामाला ऊन चालत नाही, सावली पडते. त्या दिवशी कशाचीच सावली पडत नव्हती. भिंतीची नाही, झाडाची नाही, त्या दोघांचीही नाही.

तिने ट्रायपॉड लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सगळी भिंत टिपली. मग भाऊजींच्या हातात रंगांचं कार्ड दिलं. फोटोतला रंग खरा आहे की नाही, ते त्यावरून कळतं. भिंतीचं शेवटचं टोक कोरं होतं. तिथे एकही भोक नव्हतं.

"तिथे उभे राहा. पाठ भिंतीला. कार्ड बाजूला धरा."

भाऊजी उभे राहिले. मान ताठ, चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा.

"अगं, भिंत गरम आहे."

"ऊन कुठाय गरम व्हायला?"

"तेच म्हणतोय मी..."

तेवढ्यात ताईच्या मागे खडी करकरली.

एकट्या माणसाच्या पावलांनी नाही. बरेच जण एका तालात चालत यावेत आणि एकदम थांबावेत, तशी.

तिने वळून पाहिलं.

कुणी नव्हतं. लांब गेटापाशी ठेकेदार पाठमोरा उभा होता.

मग आवाज आला... खट्. लोखंडाचा. पुष्कळ खटके, पण एकदम ओढलेले.

घाबरून तिचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं.

भाऊजी भिंतीपासून असे सुटले, जणू मागून कुणी ढकललं. कार्ड खाली पडलं. ओठ पांढरे.

"काय झालं हो?"

"काही नाही. आवर."

ढग दाट झाले होते, उजेड बदलला होता. म्हणून ताईने सगळी भिंत पुन्हा एकदा टिपली. कामाची माणसं अशीच असतात, भीतीपेक्षा फोटोची काळजी जास्त.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी एकही विनोद केला नाही.

दुसऱ्या खेपेचे फोटो जोडून ताईने भिंत तयार केली. सेनापतीने तोंडात बोटं घातली. "आता कसं! ही खरी मार खाल्लेली वाटते." भिंत त्याच दिवशी खेळात गेली. पुढे काही दिवस ताई घरी आणि ऑफिसात खुशीत होती.

मग एका दुपारी ती भोकांचे बारकावे तपासायला बसली. पूर्ण भिंत एका नजरेत यावी म्हणून चित्र लहान केलं.

आणि तिचा हात थांबला.

भोकं वाटेल तशी पडलेली नव्हती. ती दाटीने पडली होती, पण मधेमधे जागा सोडून. त्या जागी प्लास्टर धडधाकट. एक ओरखडा नाही.

प्रत्येक मोकळी जागा खांद्याएवढी रुंद.

वर डोक्याएवढी गोल.

भिंतीला तिथे गोळ्या लागल्या नव्हत्या... कारण त्या मधेच अडल्या होत्या. माणसांत.

काही जागा उंच होत्या. एक तर कमरेएवढीच होती. लेकराची.

 ताई चित्र सरकवत शेवटच्या टोकाला आली. ते टोक कोरं होतं, तिला पक्कं आठवत होतं. तिने पहिल्या खेपेचे फोटो उघडले. त्यांत कोरंच होतं.

दुसऱ्या खेपेच्या फोटोंत तिथे भोकं होती. ताजी. आतली वीट लालभडक.

मधे एका माणसाएवढी मोकळी जागा. आणि त्या माणसाच्या हाताशी एक छोटा, स्वच्छ चौकोन.

कार्डाएवढा.

तिने भाऊजींना फोन लावला.

"अहो, बरे आहात ना?"

"आहे की. पाठीत जरा धग आहे. तिथे उभा राहिलो ना, तेव्हापासूनच."

"मग बोलला नाहीत कधी?"

"म्हटलं, तुला वाटेल फोटो काढायला येत नाही म्हणून बहाणे करतोय." ते हसले. "चल, चहा आलाय." फोन बंद.

ताई धावत सेनापतीकडे गेली. "ती भिंत काढा. आत्ताच्या आत्ता."

"वेड लागलंय का? तो बघ, तो पठ्ठ्या तीच गल्ली खेळतोय."

पलीकडच्या टेबलावर खेळ तपासणारा मुलगा बसला होता. पडद्यावर अंगण होतं. पिवळट भिंत होती. समोर सैनिकांची रांग, बंदुका रोखलेल्या.

"थांब!" ताई ओरडली. "हात काढ!"

"मी काहीच केलं नाहीये," तो म्हणाला. "ते आपोआप रांगेत उभे राहिलेत..."

आणि गोळीबार झाला.

त्या गल्लीत अजून आवाज घातलेलेच नव्हते. तरी सगळ्या ऑफिसाने ऐकला. खिडकीच्या काचा थरथरल्या. कुणीतरी टेबलाखाली गेलं. सेनापती दोन्ही कान धरून मटकन खाली बसला.

मग ताईचा फोन वाजला.

लॅबमधून होता.

लॅबमध्ये भाऊजींबरोबर काम करणाऱ्या बाईंनी जे पाहिलं ते त्यांनी नंतर पोलिसांनाही सांगितलं. भाऊजी भिंतीपाशी उभे राहून चहा पीत होते. अचानक शर्ट छातीपाशी फाटत गेला. इथे, मग तिथे, मग गळ्याखाली. दर वेळी ते मागे भिंतीवर आपटायचे, पुढे यायचे, पुन्हा आपटायचे. जबडा एका बाजूला वळला. रक्ताची चिळकांडी मांडून ठेवलेल्या पांढऱ्या कवळ्यांवर उडाली.

"पडतच नव्हते हो," बाई सांगत होत्या. "जीव गेल्यासारखे झाले होते, तरी पडत नव्हते. डाव्या बाजूने कुणीतरी धरून ठेवल्यासारखे..."

मागच्या भिंतीला मात्र ओरखडा नव्हता.

डॉक्टरांनी भाऊजींना वाचवलं. बरगड्या मोडल्या होत्या, छातीत खोल जखमा होत्या. पण आत गोळी नाही, छर्रा नाही, काहीच नाही. "कशाने मारलं यांना?" डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. डाव्या तळहातावर काळेनिळे वळ होते. बोटांचे.

त्याच संध्याकाळी ताईने ठेकेदाराला फोन करून आरडाओरडा केला. ती भिंत पाडा, आज पाडा, मी हात जोडते.

"कुठली भिंत, ताई?" तो म्हणाला. "ती तर परवाच जमीनदोस्त केली."

म्हणजे त्या दुपारी ती भिंत जगात फक्त एकाच जागी उभी होती. ताईने बनवली तिथे.

सेनापतीने ती स्वतःच्या हाताने खेळातून काढली, फोटोंसकट. कारण विचारलं नाही. खेळ नंतर बाजारात आला. लोक नावं ठेवतात, म्हणतात भिंती खोट्या वाटतात. ताई ऐकून घेते. तिने ते काम सोडलंय.

भाऊजी माझ्याशी यावर एकदाच बोलले. जबडा तारेने बांधलेला होता, शब्द अडत होते.

"रांगेत माझ्या डावीकडे एक बाई होती. तिने माझा हात धरला. म्हणाली, डोळे मीट, लवकर संपेल."

"मग?"

"मी मिटले. माझं संपलं नाही." त्यांनी डावा तळहात माझ्यापुढे धरला. "तिनेही हात सोडला नाही."

मी विषय बदलला. धक्क्याने माणूस काहीबाही बोलतो, अशी स्वतःची समजूत घातली.

परवा ते दोघं माझ्याकडे जेवायला आले. भाऊजींनी खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली. ताई त्यांच्या उजवीकडे बसली. डावीकडची खुर्ची रिकामी होती. पानं वाढून झाल्यावर मी तिथे बसायला गेलो.

ताईने मान खाली घातली.

भाऊजी हळूच म्हणाले, "तिकडे नको..."