घोडकाठचा हत्ती

शिरूरच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठावर पोपटरावांचं पडीक रान होतं. कांद्याच्या चाळीसाठी तिथला मुरूम काढताना गोट्यांच्या घट्ट थरात हत्तीची कवटी लागली, जबड्यासकट. आताचा हत्ती नव्हे. केव्हाच नामशेष झालेल्या जातीचा, हाडांचा पार दगड झालेला.

"आख्खा हत्ती दावा, चाळ दुसरीकडं बांधतो," पोपटराव म्हणाले. "नुसत्या मुंडक्यासाठी जागा न्हाई सोडायचो. सोमवारी जेसीबी येनार म्हंजी येनार."

शाळेत भूगोल शिकवता शिकवता सुलक्षणा हाडांच्या नादी लागलेली. आख्खा मिळायचा नाही, हे तिला कळत होतं. पूर आला की नदी आधी हलकं उचलते: मणके, बरगड्या. जड कवटी मागं राहते. याच्या बरगड्या कधीच दौंडकडं, भीमेत गेल्या असणार.

"म्हणजे नदीनं आपल्याला उरलंसुरलं ठेवलंय," ती म्हणाली.

"माझ्या सासूबाईंसारखं," सुफिया म्हणाली. ही तिची जुनी विद्यार्थिनी. ब्रश हलका, जीभ तिखट.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवटीमागं बरगडी होती. त्याच थरात, गोट्यांत घट्ट रुतलेली. सुलक्षणानं चक्क टाळ्या वाजवल्या.

"काल नजरेतून सुटली बघ!"

"ताई, काल मी इथंच बसून डबा खाल्ला."

मग मणके आले. रोज नवे. सुलक्षणाला जेवण सुचेना. फळ्यावर डोंगररांगा काढायला जायची आणि बरगड्या उमटायच्या. एक गोष्ट मात्र तिच्या बोटांना कळली, ती तोंडानं बोलली नाही. वाहून गेलेलं हाड घासून गुळगुळीत होतं. पहिली बरगडी तशी होती. पुढच्या कमी कमी. शेवटच्या मणक्याच्या कडा बोटाला टोचल्या. आणि नदी डबक्यांवर आलेली असताना, भर उन्हाळ्यात, तो ओला होता.

"ताई," सुफिया हळूच म्हणाली, "ही इथं राहिलेली नाहीत. परत आलीत."

"गप. ब्रश दे."

रविवारी पोपटराव आले. शेपटीपर्यंत सगळा हत्ती कुशीवर निजलेला. त्यांनी टोपी काढली.

"आयला, व्हय की! आख्खाच हाय." तिथंच त्यांनी फोन लावला. "नगं आणूस जेसीबी. चाळ वरल्या अंगाला."

सुलक्षणाला हसू आलं, रडूही. फोटोसाठी तोंड साफ करायला ती वाकली. वरच्या-खालच्या दाढा दगडानं एकमेकींना जखडलेल्या. मध्ये ब्रश अडला. तिनं चिमट्यानं ओढलं.

उसाचं चिपाड. चावलेलं. अजून रस सुटत होता.

"काय घावलं?" पोपटरावांनी विचारलं.

"काही नाही."

तिनं मूठ मिटली. दाढांच्या फटीतून मुंग्यांची रांग आत चालली होती.