काठावरची सही

"आई गं! गेले मी!"

सुखदाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत यमुनेच्या गाळात रुतला होता. एका हातात नमुन्याची बाटली, दुसऱ्या हातात लांब चमचा... आणि आधाराला काहीच नाही.

"आधी बाटली द्या, मग हात," वरून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

"सांभाळून हं! महिनाभराची मेहनत आहे ती."

"म्हणजे तुम्ही बुडालात तरी चालेल?"

"बिल्कुल!"

वर आल्यावर तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, चष्मा, आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर तिच्या पाचही बोटांचे काळे ठसे. परीक्षित. मूळ पुण्याचा, गुडगावच्या एका सल्लागार कंपनीत इंजिनिअर. कालिंदी कुंजजवळच्या या काठावर मुलांसाठी बाग होणार होती, आणि त्या जागेचा अहवाल त्याच्याकडे होता.

"आणि तुम्ही इथे काय शोधताय?"

"या कीचडमधले–"

"गाळ म्हणतात."

"हां, तेच. दिल्लीत वाढलेय, यार, शब्द सुटतात हातातून." तिनं बाटली उन्हात धरली. "कारखान्यांचं शिसं, कॅडमियम, सगळं इथे तळाशी येऊन बसतं. त्यातही जे जंतू जगतात, ते मला हवेत."

"नशीबवान जंतू," तो हळूच म्हणाला.

ती हसली... आणि उगाचच बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट करत बसली.

मग तो विद्यापीठातल्या तिच्या प्रयोगशाळेत काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. कधी नकाशा दाखवायचा असे, कधी नुसताच चहा. एकदा तिनं त्याच्या हातात बंद काचेची बशी ठेवली. शिसं मिसळलेल्या खाद्यावर जंतूंचे पिवळे ठिपके दाटले होते.

"विषाला सरावलेत. आणि यातल्या बऱ्याच जणांवर औषधंही चालत नाहीत."

बशी परत देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर राहिली – जरा जास्तच वेळ. 'तुम्ही'चं 'तू' त्याच संध्याकाळी झालं.

मार्चमध्ये बागेचा अहवाल विद्यापीठातल्या तिच्या सरांकडे अभिप्रायासाठी आला. 'माती मुलांच्या खेळण्यास सुरक्षित.' खाली परीक्षितची सही. सुखदानं तिथूनच फोन लावला.

"तू गाळ तपासला होतास?"

"...जुने आकडे होते. ऑफिसमध्ये घाई होती."

"माझे आकडे तू पाहिलेस, परीक्षित. माझ्या शेजारी बसून!"

"सही त्याआधीची आहे. नंतर... सांगायचा धीर झाला नाही."

तिनं फोन ठेवला. पण मन काही जागेवर राहीना. बशीतले ठिपके तिनं तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे भरले. फोन पालथा घालायचा, पुन्हा सरळ करायचा. लक्ष्मीबाई नगरच्या घरात ती गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत येरझारा घालत राहिली.

"कुणाची वाट बघतेयस का?" आईनं विचारलं.

"छे! मी रागावलेय."

दोन्ही खरं होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी बेल वाजली. दारात परीक्षित. दाढी वाढलेली, हातात एक कागद.

"सही मागे घेतली मी. नव्यानं तपासणी करा, असं लेखी दिलंय. तोवर बागेचं काम थांबलंय."

तिनं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"आणि तुझं ऑफिस?"

"म्हणाले, पुण्याच्या ऑफिसात बदली घे." तो घुटमळला. "सही तुझ्यासाठी नाही मागे घेतली हं. त्या मातीत मुलं खेळणार होती."

"ठाऊक आहे."

"राजीनामा मात्र... तुझ्यासाठी दिला. पुण्याला तू नाहीस ना."

सुखदाचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

"पाच दिवसांत एक फोन करता आला नाही?"

"हे पत्र दिल्याशिवाय कोणत्या तोंडानं केला असता?"

"मी अजून रागावलेलीच आहे."

"अच्छा. किती दिवस?"

"काय माहीत! तू इथेच राहा, म्हणजे कळेल."

आतून आईचा आवाज आला, "सुखदा, थालीपीठं किती जणांची लावू गं?"

तिनं दार पूर्ण उघडलं, त्याचा हात धरला आणि त्याला आत ओढलं.

"तिघांची, आई!"