दोन नंबरची पट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मागाहून मध्येच कुणी उठलेलं मला चालायचं नाही.

हे माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. लहान मुलांच्या इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळतो. हातात कला आहे, पण बूड स्थिर नाही. ज्यांच्या हाताखाली शिकला ते म्हातारे तंत्रज्ञ त्याला घाईबुवा म्हणायचे, ते काही उगाच नाही.

त्या म्हाताऱ्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. इस्पितळाची माहिती साठवणाऱ्या प्रत्येक डिस्कवर कागदाची पट्टी, पेन्सिलीनं नंबर, खाली तारीख. चिकटवायला घरून आणलेली कणकेची खळ! मार्चमध्ये ते वारले. महिन्याभरात घाईबुवानं डिस्कचं कपाट साफ केलं, पट्ट्या खरवडून टाकल्या आणि डिस्क हाताला लागतील तशा परत बसवल्या. मशीनला फरक पडला नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या आत तिचा नंबर नोंदलेला असतो.

चौदा नोव्हेंबर. रात्री साडेदहाला तो बॅकअपची, म्हणजे दिवे गेले तर मशीन चालू ठेवणारी बॅटरी बदलायला गेला. आधी मशीन बंद करायचं, हा काकांचा नियम. यानं चालू मशीनचीच बॅटरी काढली. दोन मिनिटांचं तर काम! नेमके तेवढ्यातच दिवे गेले.

वीज परत आली ती दणका देतच. स्कॅनचं यंत्र जळालं. चार डिस्क मिळून इस्पितळाचा एक साठा होता, तो उघडेना. पहिल्या आणि तिसऱ्या खणातल्या डिस्कच्या आतल्या नंबराच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. बाकीच्या दोन एक आणि चार नंबरच्या निघाल्या. मग पुसलेल्यांतली दोन नंबरची कुठली आणि तीनची कुठली? नंबर उलटे देऊन सुरू केलं तर मशीन आपणहून दुरुस्तीला लागतं आणि चांगल्या माहितीवर नांगर फिरवतं. नक्कल काढून ठेवायला रिकामी डिस्क नव्हती.

सर्जनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सकाळी सहाला त्या सात वर्षांच्या मुलीचं हृदय उघडायचंय. संध्याकाळचा स्कॅन तुझ्याच मशीनमध्ये आहे. तो नसेल तर मी आंधळ्यासारखी हात घालू का?"

"पुढे नाही ढकलता येणार?"

"उद्याची रात्र ती काढेलच, असं मी तिच्या आईला सांगू शकत नाही."

एवढं बोलून त्या गेल्या.

दोन वाजून दहा मिनिटं. खोलीत हा एकटा. समोर बंद कपाट. दोनातली एक निवडायची, आणि चुकली तर एक पोर जाणार. रडलाच तो, खोटं कशाला सांगू.

"काका, चुकलो हो... पट्ट्या काढायला नको होत्या."

पंखा बंद. खिडकी बंद.

खर्र...

कागदावर पेन्सिल ओढल्यासारखं. कपाटाच्या आतून.

तो हलला नाही.

खर्र... खर्र... मग थांबलं.

वास आला. ओल्या कणकेचा.

"काका?"

...

तिसऱ्या खणातून आवाज आला. बोटाच्या पेरानं ठोकावं तसा.

टक.

टक.

तो वाट बघत राहिला. तिसरा ठोका आला नाही.

तिसऱ्या खणातली डिस्क जागची न हलवता त्यानं मशीनमध्ये दोन नंबरची म्हणून नोंदवली. डोळे मिटले. कळ दाबली. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर त्या मुलीचं हृदय होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला सर्जनबाई खाली आल्या. "शुद्धीवर आली. आई कुठाय विचारतेय," म्हणाल्या आणि खुर्चीत मटकन बसल्या.

त्या गेल्यावर घाईबुवानं नियमाप्रमाणे आधी मशीन बंद केलं. बॅटरी बसवली. मग कपाट उघडून तिसऱ्या खणातली डिस्क बाहेर ओढली.

वर कागदाची पट्टी होती. पेन्सिलीनं लिहिलेला दोनचा आकडा. खाली तारीख, पंधरा नोव्हेंबर. अक्षर काकांचं.

त्यानं अंगठा टेकवला तशी पट्टी सरकली. खळ अजून ओली होती.