दोन सरोवरांमधली भिंत

सिप्रीला जेवू घालायचे होते. त्यासाठी आम्हांला केलीमुतू पर्वताचा माथा गाठायचा होता. आणि त्याच्या पायथ्याशी अवघा जन्म काढूनही आमच्यापैकी एकानेही तेथे कधी पाऊल ठेवले नव्हते. देशोदेशीचे पाहुणे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून गाड्यांनी वर जातात, रंगीत पाण्याची छायाचित्रे घेऊन उतरतात. आम्ही लिओ जमातीची माणसे मात्र हसून म्हणत आलो, "शेवटी तिथंच जायचंय की, आत्तापासून घाई कशाला?"

सिप्री माझा भाचा. माझी धाकटी बहीण वेआ आणि तिचा नवरा सेको यांचा तो एकुलता मुलगा. मलेशियातील पामतेलाच्या मळ्यात तो मजुरीला गेला आणि तेथल्या एका हाणामारीत प्राणाला मुकला. त्याच हाणामारीत दुसराही एक तरुण गेला. सुरी प्रथम कोणी उपसली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. देह परक्या मातीत राहिला. संशय तेवढा समुद्र ओलांडून गावी आला.

त्या संशयानेच आमच्या प्रवासाची आखणी अडवून धरली. माथ्यावर ज्वालामुखीच्या मुखांत साठलेली तीन सरोवरे आहेत. वृद्धांचे आत्मे पश्चिमेच्या सरोवरात विसावतात, तरुणांचे मधल्या; आणि ज्यांनी जिवंतपणी दुसऱ्याचे वाईट केले, त्यांचे तिसऱ्या. मृताचा घास त्याच्या सरोवराच्याच काठी ठेवावा लागतो. अन्यत्र ठेवलेला त्याला मिळत नाही, आणि उपाशी आत्म्याला स्वस्थता नाही, असे आमचे वाडवडील सांगत आले.

"मेहुणे, तुम्ही मामा. आपल्यात मामाचा शब्द मोठा," सेको चुलीपाशी बसून म्हणाला. "तुम्हीच सांगा, कुठलं तळं?"

"दाजी, मला ठाऊक असतं तर एवढे दिवस तोंड शिवून बसलो असतो का?"

गावच्या धर्मप्रमुखाला विचारले, तर त्या वृद्धाने सुपारी चघळत मान हलवली. "जमिनीच्या हद्दी विचार, सेको. आत्म्यांच्या हद्दी माझ्या आज्यालाही सांगता आल्या नसत्या."

अखेर सेकोनेच तोड काढली. मधले आणि तिसरे सरोवर यांच्यामध्ये एकच अरुंद कडा आहे, भिंतीसारखा. त्या भिंतीवर ताट ठेवायचे! पोरगा या बाजूला असो वा त्या, त्याचा हात पोहोचेल. निर्णय घेण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. म्हणून ही युक्ती मला मोठी शहाणपणाची वाटली.

वेआ केळीच्या पानात मांस गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. "भिंतीवर बसून खातं ते मांजर," ती म्हणाली. "माझं पोर नव्हे."

पण दुसरा मार्ग तिलाही सुचत नव्हता.

पितरांकडे गाडीने जाऊ नये, म्हणून आम्ही उजाडताच जुन्या पायवाटेने निघालो. सेकोच्या पाठीवर ताटाची करंडी, माझ्याकडे ताडीचा भोपळा, वेआकडे बांबूच्या नळीत शिजवलेला लाल भात. अर्ध्या वाटेवर दरड कोसळून वाटच नाहीशी झाली होती. मुळांना धरून, गुडघ्यांनी चिखल उपसत आम्ही चढलो. माझा पाय सटकला. भोपळा खडकावर आपटला! खळकन फुटला! ताडी मातीत जिरली.

"झालं," सेको म्हणाला, "मेहुण्यांनी डोंगरालाच पाजली."

वेआ त्या दिवशी प्रथमच हसली. पण ते हसू वरच्या सुरूच्या झाडांपर्यंतही टिकले नाही. पुढे झाडी विरळ होत गेली, नेचे करपलेले दिसू लागले, माती राखाडी आणि पोकळ झाली, आणि वाऱ्याबरोबर गंधकाचा असा उग्र दर्प येऊ लागला, की बोलण्याची इच्छाच उरली नाही.

आत्म्यांच्या द्वारपालाचा, कोंडेचा, दगड लागला. त्याला विडा ठेवला. तेथेच उद्यानाचा रक्षक युस्तिनुस उभा होता. पलीकडच्या गावचा, आमच्याच रक्ताचा तरुण.

"मावशी, आज वर कुणाला सोडत नाहीये. मधल्या तळ्याचा वास बदललाय," तो म्हणाला. करंडीकडे पाहून त्याचा स्वर उतरला. "पितरांचं काम आहे तर चला, मी येतो बरोबर. पण कठड्यापुढं एक पाऊल नाही, काका. माती कुजलीये तिथली."

सेकोने मान डोलावली. तो खोटे बोलत होता, हे मला त्याच क्षणी कळले.

कठड्याशी पोहोचलो, तेव्हा धुके फाटले होते. खाली मधले सरोवर फिकट निळे, दुधाळ, निश्चल. शेजारी तिसरे, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे. आणि मध्ये ती भिंत! एका माणसाने पाय जोडून उभे राहावे, एवढीच.

युस्तिनुस वाऱ्याची दिशा पाहायला वळला मात्र, आणि सेकोने कठडा ओलांडला.

"काका! मागं या!"

सेको थांबला नाही. करंडी छातीशी. एक पाऊल. दुसरे. दगड सुटले, दोन्ही बाजूंना गडगडत गेले. मग वारा फिरला! निळ्या पाण्यावरून पांढरा लोट उठला आणि सरळ त्याच्यावर आला. तो खोकला. वाकला. गुडघ्यांवर बसला. त्याच्या डाव्या पायाखालची माती सरकू लागली!

मी कमरेची जाड विणलेली लुंगी सोडली. आत विजार होती म्हणून लाज राहिली. वेआने खांद्यावरचे वस्त्र दिले. युस्तिनुसने गाठ मारली, एक टोक कठड्याला आवळले, आणि आम्ही दुसरे फेकले.

"धरा, दाजी! दोन्ही हातांनी!"

सेकोने एकाच हाताने धरले. दुसऱ्यात करंडी होती.

"ताट सोडा!" वेआ ओरडली.

"पोराचं आहे!"

"एक गेलाय माझा! दुसरा देणार नाही! सोडा म्हणते ना!"

धुके पुन्हा दाटले. सेको दिसेनासा झाला. क्षणभर काहीच नाही. मग वस्त्राला हिसका बसला, दोन हातांचा! आम्ही ओढले. डोळ्यांतून पाणी, घशात आग. ओढले! अखेर सेकोचे डोके दिसले, खांदे दिसले, आणि युस्तिनुसने त्याला बखोटीला धरून कठड्याच्या आत घेतले. करंडी कोणत्या पाण्यात पडली, ते त्या धुक्यात कोणालाच दिसले नाही.

युस्तिनुसने आम्हांला वरच्या चौथऱ्यावर नेले; तेथे हवा स्वच्छ होती. सेको बराच वेळ ओकत राहिला, मग मुलासारखा रडला. "उपाशी ठेवला मी त्याला, वेआ."

वेआने त्याचे तोंड पुसले. मग ती उठली आणि पश्चिमेकडे, वृद्धांच्या काळ्याशार सरोवराकडे तोंड करून उभी राहिली.

"दादा, आपली आई इथंच आहे ना?"

"इथंच."

"सिप्री आमच्या घरी कधी जेवला का रे? मी हाका मारून थकायची. सापडायचा तो आईच्या चुलीपाशी."

"पण तो त्या तिसऱ्यात असला तर?" सेकोने विचारले. "त्याला इकडं कोण येऊ देईल?"

"आई आणेल. कान धरून आणेल, पण आणेल."

तिने बांबूची नळी फोडली. लाल भात दगडावर ठेवला. अजून कोमट होता. तिने सिप्रीला हाक मारलीच नाही. ती म्हणाली, "आई, पोर येईल. त्याला वाढ."

मग सेको सरपटतच पुढे आला आणि त्याने दगडावर कपाळ टेकले.

"सासूबाई," तो म्हणाला, "जेवण होईपर्यंत त्याला काही विचारू नका."