मावसाजींचे गुलाब

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. साठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

१९६४ चा ऑक्टोबर. गाव फुलसावंगी. मी, भीमराज, तेव्हा बावीस वर्षांचा.

कौसल्यामावशीला आमच्या घरी, आर्णीला न्यायला गेलो होतो. तिचे यजमान, धर्मपाल मावसाजी, पावसाळ्यात तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. त्या घरात मावशी एकटीच.

मागच्या अंगणात मावसाजींनी लावलेली गुलाबाची सात झाडं होती. दर ऑक्टोबरात ते स्वतः फांद्या छाटायचे, बुडाशी माती उकरून शेणखत घालायचे. मग थंडीत झाडं फुलांनी वाकायची.

मावशी यायला तयार नव्हती.

"छाटणी होऊ दे," म्हणाली.

"कोण करून राह्यलं छाटणी?"

"तेच."

मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं.

दुपारी जेवून आडवा झालो. आजूबाजूचे सगळे शेतात गेलेले. कुठं हूं नाही की चूं नाही...

आणि मागून आवाज आला.

कच्... कच्...

धावत गेलो. कोणी नव्हतं.

पाच झाडं आधीच छाटलेली होती. सहाव्याखाली हिरव्या, ओल्या फांद्या पडल्या होत्या. प्रत्येक काप तिरपा. कोंब फुटायच्या डोळ्याच्या बरोबर वर.

कात्री घरातच होती. खुंटीवर.

मावशी मागच्या दारात बसली होती. शेजारी चहाचा भरलेला कप.

"रोज एक झाड करतात," ती म्हणाली. "बोलत नाहीत. पण असतात."

"आन सातवं झालं की?"

तिनं मान खाली घातली. "मालूम नाही."

हे थांबवायलाच हवं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाणी आणायला गेली, तेव्हा सातवं झाड मीच छाटलं. वेडंवाकडं. हात काट्यांनी ओरबाडले.

दुपार झाली. मावशी दारात बसली. चहा निवला. तिनं दुसरा ठेवला.

तोही निवला.

दिवस मावळताना ती झाडाशी गेली. मग माझे हात पाहिले.

"काहून केलं रे, बाप्पा?"

मी खाली पडलेल्या फांद्या गोळा करू लागलो.

रात्री तिनं आपणहून ट्रंक भरली. "चाल. आता येथी कोणी नाही."

सकाळी ती एस.टी.साठी पुढे निघाली. मी कुलूप लावायला मागे राहिलो.

किल्ली फिरवली... आणि घरामागं पाणी पडलं.

एक बादली. मग थांबलं.

मग दुसरी...

छाटलेल्या झाडांना कोणीतरी पाणी घालत होतं. एकेका बुडाशी. सावकाश.

मग खोकला. मावसाजींचाच.

मी मागे जाऊन पाहिलं नाही. पळत सुटलो.

"उशीर काहून केला?" मावशीनं विचारलं.

"कुलूप लागत नव्हतं."

मावशी आमच्याकडे नऊ वर्षं जगली. दुपारी कधी झोपली नाही. दाराकडं पाहत बसायची. मी समोरून जायचो, यायचो... तोंड उघडलं नाही.

सांगितलं असतं, तर ती त्याच पावली परत गेली असती.

मी तिला वाचवलं, की त्या माणसाला तिथं एकटं टाकून आलो?

आजही मला कळत नाही.