न उघडणारं दार

ऑक्टोबरातल्या वाऱ्याने मेपलची पानं उडून थीयाच्या डोळ्यांवर आली आणि थीया थेट एका दारावर आदळली. भर रस्त्यात! ते दार उचलून नेणारा एक तरुण मागून डोकावला.

"आमच्यात आधी टकटक करतात, मग धडकतात."

"आमच्यात दार घराला असतं. गावभर मिरवत नाहीत!"

तो वेंडेल. गावच्या रेडिओवर हॅलोविनला लेखिका ओटिलीबाईंच्या कादंबरीचं नाटक होतं. त्यातले दाराचे, पावलांचे आवाज तो काढणार होता आणि नायिका थीया होती. कादंबरीत हॅलोविनच्या रात्री प्रियकराचं भूत दार ठोठावतं, नायिका घाबरून उघडत नाही, भूत कायमचं निघून जातं. सिनेमावाल्यांनी शेवट गोड केला, टीव्हीवाल्यांनी भुताचं माकड केलं. म्हणून बाईंनी बजावलं होतं, "एक शब्द बदललात तर पुन्हा माझ्या पुस्तकाला हात लावायचा नाही."

तालमींत वेंडेल हाडं मोडल्याच्या आवाजासाठी सेलरीच्या भाजीच्या करकरीत काड्या मोडायचा आणि थीया त्या खाऊन टाकायची.

"भुताची हाडं खातेस? तुला भीती नाही वाटत?"

"भुताची नाही वाटत..."

तिने आणखी एक काडी तोंडात टाकली. हॅलोविनच्या सकाळी तो म्हणाला, "सिएटलला नोकरी लागलीय. उद्याच निघायचंय. तू 'थांब' म्हण — थांबतो."

थीया संहितेची पानं चाळत बसली. उद्या हा पस्तावला तर?

संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहातून थेट प्रक्षेपण सुरू झालं. पहिल्या रांगेत ओटिलीबाई काठी धरून बसल्या होत्या. शेवटचा प्रसंग आला. वेंडेलने दार ठोठावलं. टक... टक... टक. थीयाने संहितेप्रमाणे श्वास रोखला. मग तो खडीच्या ट्रेमध्ये उतरून पावलं वाजवू लागला. खरच्... खरच्... आवाज हलका होत चालला. हा खराच चालला होता!

"थांब!"

संहितेत हा शब्दच नव्हता. वेंडेल खडीत खिळला. माइक चालूच होता.

"थांब ना... उघडते मी दार."

त्याने उडी मारून दार ओढलं. कधी उघडायचंच नाही म्हणून त्याला तेल घातलेलं नव्हतं. ते असं किंचाळलं की पुढची रांग दचकली.

प्रक्षेपण संपलं. ओटिलीबाई उठून तिच्यासमोर आल्या. "सिनेमावाल्यांनी तिकिटांसाठी दार उघडलं. तू कुणासाठी उघडलंस?"

थीयाचे कान तापले. "याच्यासाठी. भुतासाठी नाही."

बाईंनी दोघांना निरखून पाहिलं. मग काठीने दाराला ढोसलं. "पुढच्या वर्षी याला तेल घाला. कानाचे पडदे फाटले माझे."

त्या गेल्यावर वेंडेल हळूच म्हणाला, "म्हणजे... पुढच्या वर्षी मी इथेच?"

"आता किती वेळा सांगू?" थीया डोळे पुसत हसली. "अख्ख्या गावाने ऐकलंय!"